नळीचे नऊ दिवस

रकाना १ : नाव, वय, तारखा

भास्करराव टिपणीस, वय अडुसष्ट, दांडिया बाजार, बडोदे. मेंदूवरच्या गाठीचं ऑपरेशन ९ जानेवारी १९९९, शनिवार. ताप १७ जानेवारी, रविवार. मृत्यू २ फेब्रुवारी. कारण, मेंदूच्या आवरणाला झालेला जंतुसंसर्ग.

गाठ साधी होती. वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलानं वाढलेली, कर्करोग नसलेली, सबंध निघालेली. हे सांगायला फॉर्मात जागा नव्हती, म्हणून निरुपमानं ते समासात पेन्सिलीनं लिहिलं आणि थोड्या वेळानं खोडून टाकलं. साध्या गाठीचा माणूस मेला तर त्याला कोणीतरी मारलेलं असतं. पण फॉर्मात 'कोणी' हा शब्दच नव्हता. होते ते रकाने. ऑपरेशननंतर संसर्ग होण्याचा धोका कशाकशानं वाढतो, त्यांची यादी. एकेका रकान्यात एकेक संशयित, आणि समोर 'हो' किंवा 'नाही'.

बडोद्याच्या अकोटा भागात एका ट्रस्टच्या रुग्णालयात निरुपमा इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होती. म्हणजे नक्की काय, हे तिच्या सासऱ्यांना सात वर्षांत समजलेलं नव्हतं. निळी फाइल काखेत मारून ती वॉर्डावॉर्डांतून हिंडायची. कुणाच्या टाक्यांना पू झाला, कुणाची नळी किती दिवस राहिली, कोण हात न धुता पट्टीला भिडला, सगळं टिपून ठेवायची. ती दारात दिसली की मोठमोठे डॉक्टर बेसिनकडे वळत. तिच्या माघारी सगळे तिला निळी पोलीस म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

सोमवारी, १५ फेब्रुवारीला, सुपरिंटेंडेंट डॉ. झवेरींनी तिला बोलावलं. शनिवारी कमिटी बसणार होती आणि त्याआधी त्यांना तिचा रिपोर्ट हवा होता. तसं कारण कळलेलंच आहे, असंही त्यांनी सांगून टाकलं. ऑपरेशनच्या वेळी डोक्यातलं जादा पाणी बाहेर काढायला एक बारीक नळी ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती काढायची असते. जास्त राहिली तर बाहेरच्या जंतूंना आत जायला ती उघडी वाट होते. भास्कररावांची नळी नऊ दिवस राहिली. सर्जन डॉ. आगाशे संक्रांतीला पुण्याला गेले होते. मंगळवारी १२ तारखेला संध्याकाळी त्यांनी तिथून वॉर्डात फोन केला, तेव्हा सिस्टरनी त्यांना सांगितलं की नळी काढली. ड्यूटीवर हंसा परमार होती. सिस्टर खोटं बोलली. झालं.

हंसा डभोईची. कंत्राटावरची. रोज बसनं यायची. नोकरी जाणं हा तिच्यापुढचा लहान प्रश्न होता. डॉक्टरला खोटं सांगितल्याचा ठपका कौन्सिलकडे गेला की नर्स म्हणून नावच कटणार होतं, आणि मग दुसरं कुठलंही रुग्णालय तिला दारात उभं करणार नव्हतं.

निरुपमा खोलीत परतली तर हंसा बाहेर भिंतीला टेकून उभी होती. आपण फोन घेतलाच नाही, एवढंच ती सांगत राहिली. मग कोणी घेतला, असं निरुपमानं विचारलं. हंसानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"रजिस्टर जुओ ने, बेन," ती म्हणाली. "एमां लखेलुं छे."

वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद एका वहीत होते. निरुपमानं लगेच वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला, प्रेमलाला, फोन लावला. दोघी नर्सिंगच्या एकाच वर्गातल्या, दोघी बडोद्याच्या मराठी घरांतल्या, पंचवीस वर्षांच्या मैत्रिणी.

"प्रेमा, काल सकाळी येते. जानेवारीची फोनवही काढून ठेव."

"ये की," प्रेमला म्हणाली. "पण त्यात काय बघायचंय तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वही टेबलावर होती. ११ जानेवारी होती. १३ जानेवारी होती. मधलं पान फाडलेलं होतं. वहीच्या बाकी कडा बोटांनी काळ्या पडल्या होत्या. फाडलेली कड पांढरीशुभ्र होती.

रकाना २ : केस कशानं काढले?

जुने वॉर्डबॉय पिलाजीराव वस्तऱ्यानं काढायचे. निरुपमा तीन वर्षं सांगत होती की वस्तरा नको, मशीन वापरा. वस्तऱ्यानं कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि जंतू तिथे घर करतात. पिलाजीराव मान डोलवायचे आणि वस्तरा परजायचे. त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, आता हे एवढं एक पातं घराण्याकडे उरलंय ते पण तुम्ही काढून घेता, असं ते म्हणायचे. निरुपमाला हसू यायचं आणि वस्तरा राहून जायचा.

आज मात्र ते हसले नाहीत. भास्कररावांचं डोकं आपण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भादरलं, कानामागे दोन ठिकाणी लागलं, हे त्यांनी विचारायच्या आधीच कबूल केलं. सेवानिवृत्तीला सात महिने उरले होते.

"सिस्टर, माझ्या हातानं गेले का हो ते?"

निरुपमानं फाइल उघडली. टाक्यांची जखम सातव्या दिवशी कोरडी, स्वच्छ मिटली होती. कानामागे काही नव्हतं. तपासणीत जो जंतू सापडला तो जखमेत नव्हताच. तो होता नळीच्या आतल्या टोकावर आणि तोच पाठीतून काढलेल्या पाण्यात. रुग्णालयातच वाढलेला, निम्म्या औषधांना न जुमानणारा. आला तो नळीतून आला. तिनं पिलाजीरावांना तसं सांगितलं, आणि मशीन वापरा हेही सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि यावेळी खरंच मान डोलवली.

जाताजाता तिनं विचारलं, आता आगाशेसाहेबांकडे जायचंय, माणूस कसा आहे?

"ते गई-आवतीवाले?" पिलाजीराव म्हणाले.

मग ती गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. आगाशे पुण्याहून आले त्याला जेमतेम आठ महिने. पहिल्याच महिन्यात एका सिस्टरनी त्यांना सांगितलं, पेशंट 'काले' दाखल. साहेब वॉर्डात हजर, खाट रिकामी. गुजरातीत गेला दिवस पण काले आणि येणारा दिवस पण काले, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कोणी काले म्हणालं की साहेब बोट वर करून विचारतात, गई के आवती? गेलेली की येणारी? एकदाही विसरत नाहीत. कॅन्टीनचा महाराजसुद्धा त्यांना पाहिलं की विचारतो, साहेब, ढोकळा कालेनो छे, गई के आवती?

निरुपमा हसली. जिना चढताना तिचं हसू मावळलं. एकदाही विसरत नाहीत, असं पिलाजीराव म्हणाले होते.

रकाना ३ : ऑपरेशन किती तास चाललं?

साडेसहा. चार तासांच्या वर गेलं की धोका वाढतो, हे आगाशेंनीच तिला सांगितलं, जणू ते स्वतःवरच फिर्याद दाखल करत होते. चाळिशीचा, बारीक चणीचा माणूस. गाठ शिरेला चिकटली होती. घाई केली असती तर रुग्ण टेबलावरच गेला असता. शिवाय सूज उतरायला स्टिरॉइड दिलं होतं, त्यानं अंगातला प्रतिकार मंदावतो. हे सगळे धोके ठाऊक होते, ते तोलूनच उचलले होते. न तोललेला धोका एकच, तो म्हणजे नळी.

सोमवारी ११ तारखेला निघण्यापूर्वी त्यांनी निवासी डॉक्टर केयूरला सांगितलं होतं की आज-उद्यात सीटी काढ, ठीक दिसली की नळी काढून टाक. मंगळवारी संध्याकाळी सहा-सव्वासहाला पुण्याच्या बूथवरून फोन केला. पलीकडे बाई होती. विचारलं, एकवीस नंबरच्या खाटेची नळी काढली का?

"काय म्हणाली?"

"काल. एवढंच. 'काल, सर.' मी म्हटलं ठीक, आणि ठेवला. सोमवारी परत आलो तर नळी डोक्यात. पाणी गढूळ."

निरुपमानं पेन खाली ठेवलं.

"सर, तुम्ही विचारलं नाहीत? गई के आवती?"

आगाशे ओशाळल्यासारखे झाले. आपलं नाव पडलंय ते त्यांना ठाऊक होतं.

"नाही."

"का?"

त्यांनी टेबलावरचा कवटीचा प्लास्टिकचा नमुना जरा बाजूला सरकवला.

"गरज वाटली नाही," ते म्हणाले.

तिनं ते शब्दशः लिहून घेतलं. जबाबावर सही लागणार होती, पण कागद टाइप व्हायचा होता. "मग काल सकाळी येते सर, सहीला," असं म्हणून ती उठली. आगाशेंनी मान वर केली. काहीतरी बोलण्यासाठी त्यांचं तोंड उघडलं. तोवर ती दारापाशी पोचली होती, आणि त्यांनी तोंड मिटलं.

रकाना ४ : फोन कोणी घेतला?

(हे पान वहीत नाही.)

रकाना ५ : नळी किती दिवस?

नऊ. शनिवार ते पुढचा नाही, त्याच्याही पुढचा सोमवार.

चौथ्या दिवसापर्यंत सगळं रीतसर होतं. सीटीचं मशीन सोमवारी बंद होतं, म्हणून फोटो मंगळवारी दुपारी निघाला. तो पाहून बुधवारी नळी काढायची, असं केयूरनं ठरवलं होतं. मग बुधवारी काढली का नाही?

केयूर कोपऱ्यात बसून नखं खात होता. बुधवारी त्याला वॉर्डात कळलं की मोठ्या साहेबांचा पुण्याहून फोन येऊन गेला, त्यांनी नळीबद्दल विचारलं, आणि 'ठीक' म्हणाले. काढा असं म्हणाले नाहीत. म्हणजे साहेबांना नळी राहू द्यायची असणार. मोठ्या साहेबांच्या पेशंटच्या डोक्यातली वस्तू, त्यांनी ठीक म्हटल्यावर, तो कोण काढणारा? फोन करून विचारायचं होतंस, असं ती म्हणाली. सुट्टीवर असताना फोन केलेला साहेबांना आवडत नाही, असं तो म्हणाला.

पुढे संक्रांतीचं उत्तरायण, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, मग शनिवार-रविवार. निम्मा स्टाफ पतंग घेऊन गच्च्यांवर. निरुपमा स्वतः १३ ते १७ रजेवर होती. ती असती तर पाचव्या दिवशी तिनं नळीसाठी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. मंगळवारी संध्याकाळी आपण शेवटचा राउंड घेतला तेव्हा चौथाच दिवस होता, हे तिनं फाइलीत पाहून स्वतःची समजूत घातली.

मग ती एकटी बसली आणि आगाशेंचं वाक्य समोर ठेवलं. गरज वाटली नाही.

जो माणूस प्रत्येक काले-ला बोट वर करतो, कॅन्टीनच्या टवाळीलाही उत्तर देतो, त्याला त्या संध्याकाळी गरज का वाटली नाही? पुण्याच्या माणसाला 'काल' या शब्दाची खात्री कधी असते? तो मराठीत ऐकला तर. मराठीत काल म्हणजे गेलेलाच दिवस, दुसरा नाही. हंसा मराठी बोलत नाही. आगाशेंशी ती हिंदीत किंवा गुजरातीत बोलली असती, 'काले' म्हणाली असती, आणि बोट वर झालं असतं. म्हणजे पुण्याहून त्यांनी जो आवाज ऐकला तो मराठी होता.

हंसा सुटली. निरुपमा खुर्चीत मागे रेलली. आपल्या हुशारीचं तिला क्षणभर फार बरं वाटलं.

क्षणभरच. कारण त्या संध्याकाळी त्या वॉर्डात मराठी बाया कोण होत्या, ते ड्यूटीच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. प्रेमला, दोन ते आठ. आणि एकवीस नंबरपाशी बसलेल्या भास्कररावांच्या पत्नी कमळाबाई.

वही प्रेमलाच्या ताब्यात. पान, वही मागितल्यानंतर फाडलेलं. निरुपमाला तिच्या फोनवरचा आवाज आठवला. त्यात काय बघायचंय तुला?

मैत्रिणीला पकडण्याआधी साक्षीदार हवा होता. ती रिक्षात बसली आणि दांडिया बाजार म्हणाली.

रकाना ६ : मधुमेह

हो. बारा वर्षं. कमळाबाईंनी साखरेच्या तपासण्यांचे सगळे कागद एका बिस्किटांच्या डब्यात तारखेवार ठेवले होते. ऑपरेशनच्या दिवशी एकशे अडतीस. नंतरही कधी दोनशेच्या वर नाही. मास्तर भूमिती शिकवायचे, त्यामुळे घरात सगळं मोजून व्हायचं, असं त्या म्हणाल्या. संक्रांतीला खाटेवरून मास्तरांनी तिळगुळाचा एक दाणा मागितला होता. बाईंनी दिला नाही. घरी गेल्यावर देईन म्हणाल्या.

"तेवढा दिला असता तर काय झालं असतं हो?"

काही झालं नसतं. निरुपमानं ते सांगितलं नाही. आता सांगण्यात दयाही नव्हती.

तिनं फोनचं विचारलं. मंगळवारी, बारा तारखेला, संध्याकाळी, नर्सच्या टेबलावर फोन वाजला होता. आठवतंय? कोणी घेतला? प्रेमला सिस्टरनी?

कमळाबाई नवलानं तिच्याकडे बघू लागल्या.

"तुम्हीच घेतलात की."

भिंतीवर मास्तरांचा लाकडी कोनमापक खिळ्याला टांगला होता. निरुपमा त्याच्यावरचे आकडे वाचत राहिली.

"प्रेमलाबेन चहाला गेल्या होत्या," कमळाबाई सांगत होत्या. "हंसा यांचं अंग पुसत होती. फोन वाजतोय, वाजतोय. तुम्ही निळी फाइल घेऊन चालला होतात, जाताजाता उचललात. मग हंसाला ओरडून विचारलंत, नळी काढी? मी लक्षात ठेवलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या दवाखान्यात यांच्या नळीची काळजी करणारं कोणीतरी आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं तेव्हा."

त्यांनी निरुपमाचा हात हातात घेतला आणि त्यावर दुसऱ्या हातानं हलकेच थोपटलं.

रकाना ४ : (सापडलेलं पान)

प्रेमलानं ते जाळलं नव्हतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात, घडी घालून ठेवलं होतं. निरुपमानं हात पुढे केला तेव्हा तिनं काही न विचारता काढून दिलं. हंसाचं अक्षर, गुजराती लिपी :

१२-१-९९. सांजे ६-१०. आगाशेसाहेबनो फोन. निरुपमाबेने लीधो. नळीनुं पूछ्युं. में कह्युं काले, सीटी जोईने.

काले, सीटी जोईने. उद्या, सीटी पाहून. हंसा पूर्ण वाक्य बोलली होती. निरुपमा त्यातल्या पहिल्या शब्दावरच फोनकडे वळली होती.

आता तिला आठवलं. सगळं नाही, रिसीव्हरचा घामट स्पर्श तेवढा. तिला घाई होती. पुढचे पाच दिवस रजा, घरी जाऊन लाडू वळायचे होते. पलीकडून मराठीत प्रश्न आला, तिनं तो गुजरातीत फेकला, गुजरातीत उत्तर आलं, तिनं ते मराठीत पोचवलं. काल, सर. काल म्हणजे येणारा दिवस, हे तिला तेव्हा इतकं स्वच्छ माहीत होतं की सांगायची गरज वाटली नाही.

"घरी म्हणतो आपण उद्या," प्रेमला म्हणाली. "आईवडिलांच्या धाकानं. वॉर्डात तू पण काल म्हणतेस, मी पण म्हणते. इथे जन्मलेल्या माणसाला काय फरक पडतो? समोरचा समजून घेतो. तू परवा मला फोनवर म्हणालीस, काल सकाळी येते. मी तरी विचारलं का तुला, कुठली काल?"

निरुपमाच्या डोळ्यांपुढे आगाशेंची वर झालेली मान आली. काल सकाळी येते सर, सहीला. ते कशासाठी तोंड उघडत होते, आणि त्यांनी ते का मिटलं, हे तिला एकदमच कळलं. त्यांना तेव्हाच समजलं होतं. तेव्हापासून त्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बूथवरून विचारायचं चुकलेल्या डॉक्टरपेक्षा, खोटं बोललेली कंत्राटी नर्स सगळ्यांनाच सोयीची होती.

"तू कशाला फाडलंस, प्रेमा?"

"तुला आठवत नव्हतं ते बरं होतं म्हणून. अजूनही आठवू नकोस. हंसा काय, तिला पादरा गावात, कुठेही काम मिळेल."

"ठपका लागल्यावर?"

प्रेमलानं पर्स मिटली. टेबलामागच्या भिंतीवर निरुपमानंच दोन वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद होता : नळी चौथ्या दिवशी काढा. शंका असल्यास विचारा. खाली तिची सही. तीन भाषांत.

"हंसाला माहीत होतं," निरुपमा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. माझ्या दाराशी उभी राहून तिनं माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं नाही."

"घेऊन काय करणार होती?" प्रेमला म्हणाली. "तपास तुझ्याकडेच होता."

रकाना ७ : इतर

या रकान्यात दोन ओळींची जागा असते. निरुपमानं मागे कागद जोडून साडेतीन पानं लिहिली, शुक्रवारी दिवसभर बसून. फोन कोणी घेतला, कोण काय म्हणालं, कोणी काय ऐकलं. पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव. फाडलेलं पान सोबत टाचलं. ते कुठे सापडलं, तेवढं लिहिलं नाही.

शनिवारी अकराला कमिटी बसली. तिनं उभं राहून वाचून दाखवलं. झवेरींनी चष्मा काढून पुसला आणि फार मायेनं विचारलं की बेन, तब्येत ठीक आहे ना. मग ते म्हणाले, भाषा हा काही वैद्यकीय धोका नाही. जगातल्या कुठल्याही यादीत तो रकाना नाही. असलं लिहून ठेवलं तर टिपणीसांच्या घरचे उद्या कोर्टात उभे राहतील, आणि कोणासाठी? माणूस काही परत येत नाही.

निरुपमानं आगाशेंकडे पाहिलं.

"सर, तो आवाज माझा होता. तुम्हाला कळलंय."

"एसटीडीवर आवाज ओळखू येत नाही," आगाशे म्हणाले. ते स्वतःच्या तळहातांकडे पाहत होते. चांगले हात होते. साडेसहा तास थरथरले नव्हते.

बारा वाजायच्या आत ठराव झाला. मृत्यूला अनेक कारणं मिळून जबाबदार. रुग्णाचं वय. दीर्घ शस्त्रक्रिया. आणि मुख्य म्हणजे मधुमेह. त्या रकान्यात 'हो'वर झवेरींनी स्वतः खूण केली. कुठल्याही कर्मचाऱ्यावर ठपका नाही. तिची साडेतीन पानं त्यांनी तिला परत दिली, टाचणीसकट. एकशे अडतीस, निरुपमा म्हणाली. साखर एकशे अडतीस होती. तोवर खुर्च्या सरकू लागल्या होत्या.

कॉरिडॉरमध्ये ती थोडा वेळ उभी राहिली. बिस्किटांचा डबा आता आयुष्यभर कमळाबाईंशी भांडणार होता. बारा वर्षं मोजून वाढलेलं ताट हेच कारण ठरलं होतं, आणि ते त्यांना पत्रानं कळवलं जाणार होतं. पण हंसा सुटली. ठपका नाही, असं लेखी आलं. एवढं तरी झालं. त्या एवढ्याला धरून ती वॉर्डात गेली आणि टेबलावरच्या त्याच फोनवरून डभोईचा नंबर फिरवला. हंसाच्या घरात फोन नव्हता. शेजारच्या दुकानदारानं तिला बोलावून आणेपर्यंत निरुपमा रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

तिनं सांगितलं की कमिटी झाली, तुझं नाव कुठेही आलेलं नाही, सोमवारी नेहमीच्या बसनं ये. हंसा म्हणाली की तिला ऑफिसातून कागद दिलाय. कंत्राट संपलं, नवीन नाही. छूटी करी दीधी.

"क्यारथी?" कधीपासून, असं निरुपमानं विचारलं.

"काले."

अजून वेळ असेल तर झवेरी गाडीत बसायच्या आत त्यांना गाठता येईल, असं निरुपमाच्या मनात आलं. तिचा एक पाय तिकडे वळलाही. मग ती थांबली. चव्वेचाळीस वर्षं या गावात काढून जो प्रश्न तिला कधी विचारावा लागला नव्हता, तो तिनं विचारला.

"हंसा, गई के आवती?"

दुकानापुढून एक स्कूटर गेली.

"गई, बेन."

गेलेली. म्हणजे शुक्रवार. म्हणजे निरुपमा खोलीत बसून पहिल्या ओळीत आपलं पूर्ण नाव लिहीत होती, तेव्हाच.